रिकाम्या सापळ्यांचे फोटो

१२ जुलै २०१७, नांदुरा

जाकीरनं आज स्वतः खुर्ची सरकवून मला समोर बसवलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी नावडतं काम गळ्यात येणार. त्याच्या वडिलांच्या कापसाच्या पेढीवर मी गोडाऊन सांभाळलं, हा पोरगा गठाणींवर उड्या मारायचा तेव्हापासून त्याला ओळखतो. काम असं : क्लाउडचं बिल कमी करायचं.

आमची कंपनी लहानशी. गावोगावच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कामगंध सापळे टांगलेले असतात. बोंडअळीचं पाखरू वासाला भुलून येतं आणि खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडतं. प्रत्येक गावात आमची एक राखणदार बाई आहे. तिनं सकाळी गावचे दहा सापळे फिरायचे आणि प्रत्येक पिशवीचा फोटो फोनवरून पाठवायचा. ते फोटो जातात क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी एका बड्या कंपनीची यंत्रं आहेत, त्यांत आम्ही भाड्यानं घेतलेल्या जागेत. तिथलं यंत्र पाखरं ओळखतं. पोळ्याच्या सुमारास बोंडं धरू लागली की ते दर आठवड्याला हिशोब करतं. गावच्या निम्म्याहून जास्त सापळ्यांत पाखरं दिसली की त्या गावच्या शेतकऱ्यांना आपोआप संदेश जातो : फवारणी करा. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असं सगळे म्हणाले होते. आता गुलाबी अळी त्याच बोंडात घर करून बसते, म्हणून आमचा धंदा.

हे सगळं उभं केलं जाकीरच्या चुलतबहिणीनं, मदिहानं. ती लग्न होऊन हैदराबादला गेली. जाण्यापूर्वी तिनं जाकीरला सगळं समजावलं आणि त्यानं सगळ्याला मान डोलावली. सुरुवातीचे महिने सवलतीचे होते, तेव्हा बिलाकडे कोणी पाहिलं नाही. आता ते दर महिन्याला फुगतंय, आणि का फुगतंय हे धड कोणाला सांगता येत नाही.

“काका, हेही गोडाऊनच समजा. कचरा काढा. नाईतर दिवाळीनंतर मले हे बंद करा लागते.”

मी म्हटलं, गोडाऊनला निदान कुलूप असतं आणि उंदीर डोळ्यांनी दिसतो.

१५ जुलै

दोन दिवस स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरताहेत. पण उंदीर सापडला. गेल्या हंगामापासूनचे सगळे फोटो तिथे तसेच पडून आहेत आणि त्यांतले बहुतेक रिकाम्या पिशव्यांचे! पाखरू नाही, काही नाही, नुसतं प्लास्टिक. मधूनमधून गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’, दोन लग्नपत्रिका आणि एका म्हशीचा फोटोही आहे. म्हैस विकायची असावी.

रिकामी पिशवी जपून ठेवायला आम्ही भाडं भरतोय. मी तर पाकिटं उसवून त्यांच्या आतल्या बाजूला लिहिणारा माणूस. माझी बायको सत्यभामा त्यावरून मला आयुष्यभर चिडवत आली आहे. पण आज माझा स्वभाव कंपनीच्या कामी येतोय.

१९ जुलै

शेजारच्या मनकर्णाबाईंनी आखाडातल्या गोड कापण्या पाठवल्या. खाऊन झाल्यावर मी वाटी धुऊन तशीच परत द्यायला निघालो, तर सत्यभामा मागून ओरडली, “अवं, खाली वाटी घेऊन कुठी चालले? लोकं काय म्हणतीन!” आणि तिनं वाटीत गूळ-शेंगदाणे घातले. रिकामी वाटी परत करायची नाही, हे मला काय माहीत नाही? घाईत विसरलो.

पण त्यावरून एक कल्पना सुचली. नुसता हुकूम बायकांच्या डोक्यात राहत नाही. गोष्ट घरची वाटली पाहिजे.

२१ जुलै

सगळ्या राखणदार बायांना आज संदेश धाडला. मजकूर माझा :

‘भगिनींनो, शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही. कंपनी ही तुमची शेजारीणच आहे. तेव्हा आजपासून कंपनीला रिकाम्या सापळ्याचा फोटो पाठवू नये.’

जाकीर वाचून म्हणाला, “काका, तुम्ही तर भाषण लिहाले पायजे होतं.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जुने रिकामे फोटोही पुसून टाकले. जागा केवढी मोकळी झाली!

६ ऑगस्ट

बिल उतरलं. चांगलं उतरलं. जाकीरनं नांदुऱ्याचा खवा मागवला.

बहुतेक गावांचे फोटो आता क्वचित येतात. रोहिणखेडच्या बिलकिसचं मात्र कौतुक. तिचे दहाच्या दहा फोटो रोज सकाळी हजर, आणि प्रत्येक पिशवीत दोन-दोन पाखरं. तीही कशी, पंगतीला बसल्यासारखी शेजारी शेजारी. तिनं फोटो काढायचं तंत्र चांगलंच आत्मसात केलं आहे. नवरा गेल्यापासून शिवणकामावर दोन मुलं वाढवणारी बाई. अशा माणसांना काम दिल्याचं समाधान वाटतं.

२१ ऑगस्ट, पोळा

आज रोहिणखेडला यंदाचा पहिला इशारा गेला. यंत्रानं आपण होऊन पाठवला, आम्ही इथे पुरणपोळ्या खात होतो. यालाच प्रगती म्हणतात.

बिलकिसला फोन केला. म्हटलं, बाई, तुमच्याकडे पाखरं फार दिसतात. तर ती आनंदानं म्हणाली, “हाव काका. तुम्ही सांगतलं तसंच करून राह्यली मी. एक दिवस तुमाले खाली नाई पाठोलं.”

जाकीर म्हणत होता, एकदा वावरात जाऊन बोंडं फोडून पाहावीत का? मी म्हटलं, यंत्र पाहतंय ना. गाडीचं डिझेल कशाला जाळायचं?

३० ऑगस्ट

रोहिणखेडचे शालिग्राम यांचा फोन. आमचे सगळ्यात जुने सभासद, आणि बिलकिसच्या घराला लागून घर. दुसऱ्यांदा इशारा आला, दुसऱ्यांदा फवारलं, पण बोंडात अळी काही दिसत नाही म्हणतात. “साहेब, मी तुमच्या संदेशावर आंधळ्यावानी इश्वास ठेवतो, पण पाखरू हाय कुठी?”

मी त्यांना समजावलं की वेळेवर फवारलं म्हणूनच अळी दिसत नाही. त्यांना ते पटलं. मलाही पटलं.

५ सप्टेंबर

तिसरा इशारा काल गेला. शालिग्रामांनी भर उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारलं. संध्याकाळी वावरातच उलट्या सुरू झाल्या आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं आहे. त्यांच्या बायकोचा, गीताबाईंचा फोन जाकीरनं घेतला.

मन ठिकाणावर नाही.

७ सप्टेंबर

बुलढाण्याला जाऊन आलो. शालिग्राम शुद्धीवर आहेत, धोका टळला म्हणतात. हात मात्र थरथरतो. मला पाहून त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला, याची मला जास्त लाज वाटली.

परतताना मोताळ्यावरून रोहिणखेडला गेलो. बिलकिस सापळे फिरायला निघतच होती. शेजारी दवाखान्यात म्हणून तिनं आधी गीताबाईंच्या गुरांचं चारापाणी उरकलं होतं, म्हणून उशीर झालेला. मी तिच्यासोबत निघालो. पहिला सापळा शालिग्रामांच्याच बांधाला. पिशवी रिकामी होती. बिलकिसनं पिशवीच्या बुडाची गाठ सोडली, कमरेच्या पिशवीतून पावडरचा जुना डबा काढला आणि त्यातून दोन मेलेली पाखरं चिमटीनं उचलून आत ठेवली, शेजारी शेजारी. मग गाठ बांधून फोटो काढला आणि पाखरं परत डब्यात टाकली.

मी विचारलं, “हे काय बाई?”

ती सहज म्हणाली, “खाली कसं पाठवू काका? तुम्हीच तर लिहेल होतं. वाटी खाली देत नाईत. आमच्यातबी तसंच हाय. ईदच्या शिरखुर्म्याचं भांडं गीताबाई मले कधी खाली देत नाई.” मग माझा चेहरा पाहून म्हणाली, “काऊन? कमी होतात का? मी दोनच ठेवते. जास्त ठेवली तं खोटं दिसते.”

इतक्या दिवसांचे ते फोटो रोज माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि मी त्यांना पंगत म्हणत होतो.

९ सप्टेंबर

जाकीरला सांगितलं नाही.

११ सप्टेंबर

गावात बोभाटा झाला. कोणीतरी बिलकिसला डबा उघडताना पाहिलं. ती कामाचे पैसे मिळावेत म्हणून खोटी पाखरं घालत होती, तिच्यापायी शालिग्राम मरता मरता वाचला, असं लोक बोलतात. तिच्याकडे शिवायला टाकलेली कापडं बायकांनी परत नेली. जाकीर संतापला आहे. आजच तिला काढतो म्हणाला. मी म्हटलं, थोडं थांब. का, ते सांगू शकलो नाही.

आता प्रश्न सरळ आहे. तो संदेश आमच्या यंत्रात राहिलेला नाही. कचरा काढताना जुने संदेशही पुसले गेले. बायांच्या फोनवर असला तर असेल, पण तो कोण कशाला शोधायला बसतं? मी गप्प बसलो तर माझं काही बिघडत नाही. बिलकिसचं सगळंच बिघडतं. हे लिहायला सोपं आहे. सकाळपासून तीनदा जाकीरच्या टेबलाजवळ जाऊन पंख्याबद्दल बोलून परत आलो.

१२ सप्टेंबर

सत्यभामाला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती धीर देईल. ती निवडायची डाळ बाजूला ठेवून म्हणाली, “मंग तिचं काय चुकलं? मी वाटीत गूळ-दाणे घातले, तवा तुम्ही मले खोटारडी म्हणलं का?”

मग डाळ पुन्हा पुढे ओढून, “तुमाले म्हणाचं होतं फोटो पाठवू नका. तं तेवढंच म्हणाचं. वाटी कायले मधात आणली?”

आयुष्यभर ती मला जे चिडवत आली त्यातलं काहीच इतकं लागलं नव्हतं.

१३ सप्टेंबर

जाकीरला सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “काका, मीबी वाचलंच होतं ते. अन् हसलो होतो.” मग म्हणाला, “पण गावाले कोण सांगणार?”

मी म्हटलं, मीच.

१६ सप्टेंबर

शालिग्राम काल घरी आले. त्यांच्या अंगणात माणसं भेटायला जमलेली होती, तिथेच सांगितलं. संदेश माझा, शब्द माझे, बिलकिसनं अक्षरशः ते पाळले. यंत्राला मेलेलं पाखरू आणि आजचं पाखरू यातला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता. जाकीर पाहायला जाऊ म्हणत होता, मीच जाऊ दिलं नाही.

मग गीताबाई आतून आल्या. “तुमच्या वाटीचा मान राह्यला, अन् माह्या माणसाचा जीव जाता जाता राह्यला. पाखरू नाई म्हणून सांगाले तुमाले काय जड होतं? आम्ही त्याचीच तं वाट पाहून राह्यलो असतो रोज.”

मी हात जोडले.

शालिग्राम खाटेवरून म्हणाले, “बिलकिसले बोलवा.” ती दारातच उभी होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त विचारलं, “मंग उद्या खाली असला तं काय करू?”

“रिकामा पाठवा. जसा असेल तसा.”

“लिहून देता का?” ती म्हणाली. लोक हसले. मी हसू शकलो नाही, आणि तीही हसली नव्हती.

१८ सप्टेंबर

रिकामे फोटो पुन्हा सुरू, म्हणजे बिल पुन्हा चढणार. मदिहाला हैदराबादला फोन लावला. बाळ कडेवर, कुकरच्या शिट्ट्या, आणि त्यात ती मला समजावतेय.

“काका, फोटो बारीक करून पाठवाले लावा, मोठ्याची गरज नाई. आठ दिवसांनी फोटो पुसला तरी चालते. पण सापळा पाहिला अन् त्यात काई नव्हतं, हा आकडा कधीच पुसू नका. शून्याले जागा लागत नाई.” मग कुकर बंद करून, “अन् दर वेळी मले इचारू नका. मी किती दिवस पुरणार? तुमच्यातलं कोणीतरी शिका ना हे.”

मी म्हटलं, मी शिकतो. ती हसली. या वयात माझ्यावर हसणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पण खरी अडचण तिनं नेमकी सांगितली. जागा भाड्यानं मिळते, यंत्र भाड्यानं मिळतं, त्यात काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कळणारा माणूस आपलाच लागतो. तो आम्ही ठेवलाच नव्हता.

२ ऑक्टोबर

इशारा आता यंत्र एकटं देत नाही. आधी राखणदार बाईला फोन जातो, तिनं आणि एका शेतकऱ्यानं दहा-वीस बोंडं फोडून पाहायची, मगच संदेश. जाकीरला हे मागे जाणं वाटतं. असेलही.

रोहिणखेडचे दहा फोटो रोज येतात. दहाही रिकामे. गीताबाईंच्या सांगण्यावरून बिलकिस आता ते आधी शालिग्रामांना दाखवते, मग पाठवते. कापडं मात्र अजून सगळ्यांनी परत टाकलेली नाहीत.

२१ ऑक्टोबर

भाऊबीज. सत्यभामानं मोठ्या वाडग्यात चिवडा आणि करंज्या भरून दिल्या, बिलकिसच्या मुलांसाठी. मी स्वतः नेऊन दिल्या. तिनं वाडगं घेतलं, ‘बसा’ म्हणाली नाही. मी दारातूनच परतलो.

७ नोव्हेंबर

सकाळी बिलकिसचा फोन. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपणहून केला.

“काका, आज सापळे भरेल हायेत. आठ सापळे. काका, ही माही नाईत. खुदाची कसम, माही नाईत.”

फोटो पाहिले. पाखरं पंगतीत नव्हती. एकावर एक, पंख मोडलेली, काही अजून जिवंत वाटणारी. मी म्हटलं, बाई, मला कळतंय.

“तुमाले कळते हो. गावाले कसं कळंन?”

८ नोव्हेंबर

जाकीर आणि मी पहाटेच निघालो. गाडीच्या डिझेलबद्दल मी काही बोललो नाही.

चावडीजवळ माणसं जमली होती आणि बिलकिस एका बाजूला उभी होती. कोणीतरी म्हणालं, डबा कुठी ठेवला बाई? तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता संपलं सगळं. मी इथे काय बोलणार? माझ्या बोलण्याची किंमत मला माहीत होती.

शालिग्राम काठी टेकत पुढे आले. म्हणाले, “महिनाभर हिनं मले खालीच दाखोलं. रोज खाली. घरी चूल पेटाची चिंता, तरी खाली तं खाली. आज ही भरेल म्हणते, तं भरेलच हाय.” आणि वावराकडे चालू लागले. मागोमाग सगळे.

पहिलं बोंड त्यांनीच फोडलं. थरथरत्या बोटांना ते फुटेना, तर बिलकिसनं पुढे होऊन धरलं. आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी होती. दुसऱ्यात होती, तिसऱ्यात होती. कोणी डब्याचं नाव काढलं नाही.

संदेश आज यंत्रानं पाठवला नाही. माणसं वावरातूनच घरोघर निरोप घेऊन गेली : फुटलेला कापूस वेचून घ्या, किडकी बोंडं तोडून जाळा, फवारायचं असलं तर तोंड-नाक बांधून आणि सकाळीच. फरदड, म्हणजे दुसऱ्या बहारासाठी उभी ठेवलेली पऱ्हाटी, कोणी ठेवायची नाही.

२४ नोव्हेंबर

सगळीकडून वाईट बातम्या आहेत. ज्या गावांतल्या बायांनी माझ्या संदेशानंतर फोटो पाठवणंच सोडलं आणि नंतर सांगूनही पुन्हा नीट सुरू केलं नाही, तिथे आम्हाला फार उशिरा कळलं. रोहिणखेडचंही नुकसान झालंच, पण अर्धाअधिक कापूस हाती आला. जाकीरनं पुढच्या हंगामाचं भाडं भरलं. मला विचारलं, रिकाम्याचा हिशोब कोण ठेवणार? मी म्हटलं, मीच.

२९ नोव्हेंबर

संध्याकाळी मोताळ्याच्या एसटीचा वाहक घरी येऊन एक पिशवी देऊन गेला. आत आमचं दिवाळीचं वाडगं होतं. लख्ख घासलेलं, कोरडं, रिकामं. सत्यभामानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. “हे काय वं माय! रिकामंच पाठोलं?” तिला राग आला होता.

मी बिलकिसला फोन केला. म्हटलं, वाडगं पोचलं.

“खाली हाय ना?” ती म्हणाली.

“हो.”

“घरात काई नव्हतं काका. म्हणून तसंच पाठोलं.” मग म्हणाली, “आता कापडं याले लागली पुन्हा. पुढच्या बारीला भरून पाठोते.”

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. सत्यभामा काही विचारायच्या आधीच मी ते वाडगं तिच्या हातातून घेतलं आणि फडताळात, नेहमीच्या जागी ठेवून दिलं.